धूर एक, डॉक्टर दोन

सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचा, रुग्ण शेवटी कशाने जातो, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: दम कोंडून. ‘टॉर्च’ या मोठ्या औषध-चाचणीत जे रुग्ण दगावले, त्यांच्या ९११ मृत्यूंची कारणं डॉक्टरांच्या स्वतंत्र समितीने एकेक करून तपासली आणि ती २००७ साली प्रसिद्ध झाली. श्वसनाच्या कारणांनी गेलेले निघाले ३५ टक्के. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी गेलेले २७ टक्के, कर्करोगाने २१ टक्के. हे सगळे बऱ्यापैकी बळावलेल्या आजाराचे रुग्ण होते. आजार सौम्य असतो तेव्हा तर पारडं आणखीच दुसरीकडे झुकतं. अमेरिका-कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’मध्ये जवळपास सहा हजार सिगारेट ओढणाऱ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यावर रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली ती फुप्फुसांपेक्षा हृदयापायी जास्त.

तरीही या माणसाची फाइल छातीच्या डॉक्टरांकडे असते. हृदयाच्या डॉक्टरांची गाठ पडते ती झटका आल्यावर. दुसऱ्या दारातही तोच प्रकार. तीस वर्षं सिगारेट ओढून अँजिओप्लास्टीपर्यंत पोचलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागते, ती हृदयाच्या खात्यावर मांडली जाते, आणि नळीत फुंकून बघायची साधी चाचणी, स्पायरोमेट्री, कुणाला सुचत नाही. धूम्रपान, फुप्फुसं आणि धमन्या यांना जोडणाऱ्या रक्तातल्या बायोमार्करवर, म्हणजे आजाराची खूण देणाऱ्या रेणूंवर, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भरपूर काम झालं. एकच धूर दोन्ही बिघडवतो, हा त्या कामातून निघालेला निष्कर्ष या विभागणीच्या विरोधात जातो. पण निष्कर्ष राहिला संशोधनपत्रिकांत, आणि बायोमार्कर मात्र तपासणीच्या पॅकेजांत जाऊन बसले. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात. वायुकोशांत पहाऱ्यावर असलेल्या मॅक्रोफेज पेशी धुराचे कण गिळतात आणि मदतीसाठी रासायनिक हाक देतात. त्या हाकेला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्याजवळ इलास्टेज नावाचं विकर असतं. ते जंतूंचा फडशा पाडतं, पण फुप्फुसांना ताणून परत मूळ आकारात आणणारे इलास्टिनचे धागेही कापतं. एरवी अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन या विकराला आवर घालतं, तर धूर त्या प्रथिनालाच लुळं करून ठेवतो. हे सगळं छातीत घडत असलं तरी छातीपुरतं राहत नाही, कारण अंगातलं जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला एकदा फुप्फुसांतून जातं. इंटरल्यूकिन-६ सारखे दाहाचा निरोप नेणारे रेणू त्या रक्तातून यकृतापर्यंत पोचतात आणि यकृत सीआरपी व फायब्रिनोजेन ही दाहात वाढणारी प्रथिनं जास्त बनवू लागतं. धुरातले काही घटक तर थेट रक्तात उतरतात. धमन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी सोडू लागतं, प्लेटलेट चिकट होतात, पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, चरबीचे थर साचायला जागा होते.

यातल्या सगळ्या रेणूंमध्ये मला सर्वांत बोलका वाटतो तो डेस्मोसिन. इलास्टिनचे धागे एकमेकांना जिथे गुंफलेले असतात तिथली ही गाठ. शरीरात ती इलास्टिनखेरीज दुसरीकडे सापडत नाही, त्यामुळे रक्तात किंवा लघवीत डेस्मोसिन वाढलं की कुठेतरी इलास्टिन तुटतंय हे पक्कं. कुठे, ते मात्र कळत नाही. इलास्टिन फुप्फुसात असतं तसंच महाधमनीच्या आणि मोठ्या धमन्यांच्या भिंतीतही असतं. संशोधकांना वाटलं होतं की डेस्मोसिन मोजून एम्फिसीमा, म्हणजे वायुकोश फुटत जाण्याचा वेग, आधी कळेल. ‘इक्लिप्स’ या सीओपीडीच्या मोठ्या अभ्यासातल्या रुग्णांचे नमुने तपासले आणि २०१६ साली निकाल आला तो भलताच. एम्फिसीमा किती वेगाने वाढेल हे डेस्मोसिनला सांगता आलं नाही. ज्यांचं डेस्मोसिन जास्त, त्यांच्यात हृदयरोग जास्त आणि मृत्यूही जास्त, एवढं मात्र दिसलं. फुप्फुसांचा म्हणून शोधलेला रेणू धमन्यांची बातमी देऊन गेला.

सीआरपीचा प्रवासही असाच. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत तो सापडला, तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. पुढची कित्येक दशकं तो कुठल्याही संसर्गाची, सुजेची ढोबळ खूण म्हणून वापरात राहिला. १९९७ मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वरकरणी धडधाकट पुरुषांतही ज्यांचा सीआरपी किंचित वर, त्यांना पुढे झटका आणि पक्षाघात जास्त येतात. तिथून हा रेणू हृदयाच्या डॉक्टरांचा झाला. २००३ मध्ये डॉन सिन आणि पॉल मॅन यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीची आकडेवारी घेऊन तो परत फुप्फुसांना जोडून दाखवला: श्वासनलिका ज्यांच्या अरुंद, त्यांचा सीआरपी वर, आणि हृदयाच्या धोक्याची चिन्हंही जास्त. म्हणजे एकाच रेणूने पाऊणशे वर्षांत दोन्ही विभागांत हजेरी लावली. ते दोन विभाग मात्र एकमेकांकडे फिरकले नाहीत.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मग सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासावं. मला ते पटत नाही, आणि कारणं शास्त्रातलीच आहेत.

पहिली गोष्ट, खूण म्हणजे कारण नसतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात, ज्यांचा सीआरपी जन्मजात ठेवणीमुळेच जास्त असतो अशांना हृदयरोगही जास्त होतो का, हे पाहिलं गेलं. होत नव्हता. सीआरपी नुसता सोबत चालतो. त्याच्या मागच्या इंटरल्यूकिन-६ च्या साखळीचा हात मात्र पुढच्याच वर्षी तशाच पद्धतीने सिद्ध झाला. औषधांचा अनुभवही सावध करणारा आहे. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं घेणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णांना त्रास कमी होतो असं बऱ्याच निरीक्षणांतून दिसत होतं, तर्कही बिनचूक वाटत होता: स्टॅटिनने सूज उतरते, सीआरपी उतरतो, फुप्फुसांना आराम पडणारच. मग ८८५ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २०१४ मध्ये निकाल आला, आजार उफाळून येण्याच्या संख्येत काडीचा फरक नाही. (ज्यांना हृदयासाठी स्टॅटिनची गरज होतीच त्यांना या चाचणीत घेतलं नव्हतं. त्यांचं औषध बंद करायला हा पुरावा नव्हे.) २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांमध्ये थेट दाहावर मारा करणारं औषध बिनऔषधी सुईशी ताडून पाहिलं. १५० मिलिग्रॅमच्या गटात पुढचे झटके वगैरे १५ टक्क्यांनी घटले. दाह हा नुसता साक्षीदार नाही हे त्यातून ठरलं. पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. फुप्फुसं आधीच अधू असलेल्या माणसाला असं औषध द्यायचं झालं तर कुठलाही डॉक्टर दहादा विचार करेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ‘इक्लिप्स’मध्येच सहा खुणा एकत्र मोजल्या होत्या: पांढऱ्या पेशी, सीआरपी, फायब्रिनोजेन, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि टीएनएफ-अल्फा. वर्षभराच्या अंतराने दोनदा मोजूनही रक्तात सतत दाह दिसला तो १६ टक्के रुग्णांतच. तीन वर्षांत त्यांच्यातले १३ टक्के दगावले, दाह नसलेल्यांतले २ टक्के. हा फरक फार मोठा आहे आणि संशोधकांनी त्याच्यामागे लागावं हे योग्यच. पण नाण्याची दुसरी बाजू बघा. निदान पक्कं झालेल्या सीओपीडीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या रक्तात यातलं काहीच वाढलेलं नव्हतं. फुप्फुसं खराब आणि रक्त स्वच्छ. असा रिपोर्ट हातात पडलेला सिगारेट ओढणारा काय म्हणेल? ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणेल आणि लायटर काढेल.

रिपोर्टचा तो कागद जरा जवळून पाहू. डाव्या बाजूला चाचणीचं नाव, मधे आकडा, उजवीकडे कंसात सामान्य मर्यादा. सीआरपीसमोर ४.२ आणि शेजारी वर जाणारा बाण. हृदयाच्या हिशेबात १ च्या खाली धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, १० च्या वर गेला तर संसर्ग वगैरे नाही ना ते बघून पुन्हा मोजायचं, अशी रूढ विभागणी आहे. पण ४.२ का आला? हिरड्या सुजल्या असतील. आठवड्यापूर्वी सर्दी झाली असेल. पोट सुटलेलं असेल. सिगारेट असेल. चारही असतील. आता समजा हा माणूस ४५ वर्षांचा आहे आणि रोज दहा ओढतो. आकडा ४.२ आला तर सल्ला काय? सिगारेट सोडा, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. आकडा ०.८ आला तर? सिगारेट सोडा, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. ज्या चाचणीचं उत्तर काहीही आलं तरी पुढची कृती तीच राहते, तिचे पैसे कुणी का भरावेत? अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये फायब्रिनोजेनला सीओपीडीतली खूण म्हणून रीतसर मान्यता दिली खरी. ती कशासाठी, तर नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी जास्त धोक्यातले रुग्ण निवडायला. मान्यता मिळाली तेवढीच बातमी फिरते. ‘कशासाठी’ हा भाग वाटेत गळून पडतो.

यावर एक उत्तर मिळतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही: आकडा दिसला की माणूस घाबरतो, घाबरला की सोडतो. याची परीक्षाही झाली आहे. स्वित्झर्लंडमध्ये ४० ते ७० वयाच्या ५३६ सिगारेट ओढणाऱ्यांना सोडण्यासाठी मदत दिली, आणि त्यातल्या निम्म्यांची मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी करून साचलेल्या थरांचं चित्र दाखवलं. वर्षभराने चित्र पाहिलेल्यांत सोडणारे २४.९ टक्के, न पाहिलेल्यांत २२.१. फरक नसल्यात जमा. इंग्लंडमधल्या २००८ च्या एका अभ्यासात मात्र वेगळं घडलं. ५६१ जणांची स्पायरोमेट्री सगळ्यांचीच केली. अर्ध्यांना नुसता आकडा कळवला आणि अर्ध्यांना ‘तुमच्या फुप्फुसांचं वय अमुक’ असं समजावून सांगितलं. वर्षाने सोडलेले अनुक्रमे ६.४ आणि १३.६ टक्के. गंमत म्हणजे ज्यांच्या फुप्फुसांचं वय ठीकठाक निघालं तेही वाईट निघालेल्यांच्या बरोबरीने सोडत होते. चाचणी तीच, श्वास तोच, फक्त सांगणारा समोर बसून माणसाला कळेल असं बोलला. मला यातून भीतीपेक्षा बोलण्याचं वजन जास्त दिसतं. आणि सोडण्यासाठी औषधं आणि समुपदेशन हाताशी असताना पैसा आधी तिकडे जायला हवा, हेही.

जास्त सविस्तर बोलायला हवं असं एक ठिकाण आहे. धमन्या आणि फुप्फुसं एकाच धुराने बिघडत असली तरी एकाच हिशेबाने बिघडत नाहीत. फुप्फुसांचं नुकसान साधारणपणे वर्षं गुणिले पाकिटं असं साठत जातं. धमन्यांचं तसं नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयरोगाचा जादा धोका हा वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. ‘मी आता दोनवर आणलीय’ हे वाक्य छातीच्या डॉक्टरांपुढे थोडंफार कौतुकाचं ठरेल, हृदयाच्या डॉक्टरांपुढे फारसं नाही. सोडल्यानंतरचंही गणित वेगळं. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एकदोन दिवसांत उतरतो. निकोटिनपासून शरीरात बनणारं कोटिनिन थोडे दिवस रेंगाळतं (निकोटिनची पट्टी लावणाऱ्याच्या रक्तातही ते येतंच, त्यामुळे त्याच्यावरून कुणाला खोटारडा ठरवण्याआधी थांबावं). गेलेली फुप्फुसक्षमता परत येत नाही, पण फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ सालीच दाखवलं की सोडल्यावर घसरणीचा वेग मंदावतो. हृदयाच्या धमन्यांचा धोका बराच लवकर उतरू लागतो. पायाच्या धमन्यांचा मात्र चिवट, काही अंशी तीस वर्षांपर्यंत टिकून राहिलेला दिसतो.

पायाच्या धमन्यांपाशी तर दोन खात्यांचा हा कारभार उघड अंगाशी येतो. त्या अरुंद झाल्या की काही अंतर चाललं की पोटरीत कळ येते, थांबलं की जाते. डॉक्टर हेच विचारतात, ‘चालताना पाय दुखतात का?’ सीओपीडीचा रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण पोटरी दुखू लागण्याइतका तो चालतच नाही. त्याआधी धाप त्याला थांबवते. एका आजाराने दुसऱ्याला झाकून टाकलेलं असतं. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढलं, ते ०.९ च्या आत आलं, तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं समजतात. त्याला लागतं काय, तर रक्तदाबाचा पट्टा आणि रक्तप्रवाह टिपणारा, हातात मावणारा डॉप्लर. छातीच्या ओपीडीत हे मोजणारे किती निघतील?

आणि हृदयाच्या ओपीडीत स्पायरोमेट्री करणारे किती? नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास, आणि मग समोरचा तंत्रज्ञ ओरडत राहतो, ‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका’. निदान सहा सेकंद. चेहरा लाल होतो, खोकला येतो, पुन्हा करावं लागतं. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध ओढून झाल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर श्वासनलिकांत अडथळा पक्का. कुठलाही रक्तातला रेणू आज हे काम करू शकत नाही. सरसकट सगळ्यांना फुंकायला लावा असं मी म्हणत नाही. लक्षणं नसलेल्यांत अशी चाळणी लावू नये असं अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाने २०१६ मध्ये सांगितलं, २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं, आणि त्यात तथ्य आहे. पण धाप, खोकला, कफ असलेल्यांची गोष्ट निराळी. कॅनडात ३८ हजारांहून जास्त लोकांची चौकशी करून, लक्षणं असलेल्यांना फुंकायला लावून निदान न झालेला दमा किंवा सीओपीडी असलेले ५९५ जण शोधले. त्यातले ५०८ चाचणीत आले. तज्ज्ञांकडे उपचार झालेल्यांना श्वासाच्या त्रासासाठी दवाखाना गाठावा लागण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांच्या निम्म्याहून कमी झालं. हे २०२४ चं काम आहे.

एकत्र पाहण्याची निकड कधी सर्वांत जास्त असते, तर आजार उफाळतो तेव्हा. ब्रिटनमधल्या नोंदींवरून २०१० मध्ये दिसलं की सीओपीडी उफाळल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सव्वादोन पटीहून जास्त वाढते. त्या पाच दिवसांत रुग्णाचं सगळं लक्ष, आणि डॉक्टरांचंही, श्वासावर असतं. छातीतलं दुखणं खोकून खोकून आलं असेल असं म्हणून सोडून दिलं जातं. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि ताण कमी करणारी औषधं, यांची तऱ्हा तर दोन्हीकडून चुकते. झटका येऊन गेला असेल किंवा हृदय कमकुवत असेल, तर हृदयापुरतीच काम करणारी बीटा-ब्लॉकर सीओपीडीतही बहुतेकांना देता येतात. तरीही ‘दमा आहे ना’ म्हणून ती टाळली जातात. उलट, हृदयाचं कारण नसताना फुप्फुसांच्या भल्यासाठी म्हणून मेटोप्रोलोल हे बीटा-ब्लॉकर देऊन पाहिलं, तेव्हा २०१९ च्या चाचणीत फायदा झाला नाही आणि रुग्णालयात न्यावं लागेल इतका सीओपीडी उफाळण्याचं प्रमाण वाढलं. हा फरक दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले तरच रुग्णाच्या चिठ्ठीवर उतरतो.

रक्तचाचणीवर माझा राग नाही. सीओपीडी झालेल्या प्रत्येकाचं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आयुष्यात एकदा मोजावं. त्याची जन्मजात कमतरता १९६३ मध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी शोधली, आणि ती सापडली तर भावंडांनाही तपासावं लागतं. साध्या सीबीसीतल्या इओसिनोफिल पेशी मायक्रोलीटरला ३०० किंवा जास्त असतील, तर ओढायच्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. कमी असतील तर फायदा थोडा आणि न्यूमोनियाचा धोका आहेच. २०२४ मध्ये अमेरिकेत सीओपीडीसाठी आलेलं ड्युपिलुमॅब हे औषध याच पेशी वाढलेल्यांसाठी आहे. धाप हृदयाची की फुप्फुसांची हे उमजत नसेल तेव्हा एनटी-प्रोबीएनपी, हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं प्रथिन, कामाला येतं. या चाचण्यांचं उत्तर बदललं की चिठ्ठी बदलते.

एक धास्तीही नोंदवून ठेवतो. धूम्रपानाने डीएनएवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा उमटतात, एएचआरआर या जनुकावरची त्यातली सगळ्यात ठळक. सोडल्यावर बऱ्याच पुसट होतात, पण काही जागी तीस वर्षांनीही सापडतात. विमा कंपन्या आजही कोटिनिन तपासतात. ते निदान चालू सवयीबद्दल बोलतं. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या माणसाच्या रक्तातून त्याची जुनी सवय वाचून हप्ता ठरवायचा की नाही, याचे नियम ती चाचणी स्वस्त होण्याआधी झालेले बरे.

राहिला प्रश्न वेळेचा आणि पैशाचा. हृदयाच्या डॉक्टरांकडे रांग असते, छातीच्या डॉक्टरांकडेही असते, हे मान्य. पण हृदयाच्या ओपीडीत रुग्ण आत जाण्याआधी परिचारिकेने विचारायचे प्रश्न दोनच आहेत: सिगारेट, बिडी किंवा घरातल्या लाकूडफाट्याच्या धुरात किती वर्षं गेली, आणि बरोबरीच्या माणसांपेक्षा चालताना आधी दम लागतो का. दोन्हींची उत्तरं अडचणीची आली तर स्पायरोमेट्रीची चिठ्ठी. छातीच्या ओपीडीत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आणि घोट्याचं ते गुणोत्तर. फुप्फुसांच्या कर्करोगासाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन झाला असेल तर त्यावर हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम आणि एम्फिसीमा दोन्ही आयते दिसतात, रेडिओलॉजिस्टने ते रिपोर्टात लिहावं आणि ज्याने मागवला त्याने वाचावं. आणि दोन्ही ठिकाणी सिगारेट सोडवायला बसणारा एक माणूस. चौतीस हजारांहून जास्त ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाचा २००४ चा हिशेब असा: आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात, पन्नाशीत सोडणाऱ्याला त्यातली सहा परत मिळतात, साठीत सोडणाऱ्यालाही तीन. सीआरपी मोजणाऱ्या कुठल्याही पॅकेजला यातलं एक वर्षही अजून आपल्या नावावर लावता आलेलं नाही.